वहिनींचा थेंब बुडेना

सुनंदावहिनी तांदूळ निवडायला बसल्या की सुपातले निम्मे त्यांच्या तोंडात जात. कच्चेच. लालबागच्या आमच्या चाळीत त्यांची खोली माझ्या शेजारची, त्यामुळे तो कुरुम कुरुम आवाज मला घरबसल्या ऐकू यायचा.

"वहिनी, कच्चे तांदूळ खाल्ले की लग्नात पाऊस पडतो म्हणे."

"माझं होऊन गेलं गो. आता पडू दे ढगफुटी."

वहिनी दारात उभ्या राहिल्या की मागची खोली दिसत नसे. जिना चढताना मधल्या वळणावर थांबायच्या, धापा टाकायच्या आणि वर बघून ओरडायच्या, "पायऱ्या वाढवल्यात काय रे मेल्यांनो?" डोळ्यांपुढे अंधारी आली तर भिंत धरायच्या. डॉक्टरकडे चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीय? बघ की माझ्याकडे." बघितलं की आम्हालाही पटायचं. चाळीतल्या सगळ्या बायका त्यांना एकच सल्ला द्यायच्या : जरा कमी खा.

गेल्या वर्षी त्यांची लेक पल्लवी बाळंत झाली आणि तिचं फार रक्त गेलं. रक्ताच्या बाटल्या चढत होत्या, पण आणखी लागणार होतं. घरच्या कोणीतरी द्या, असं हॉस्पिटलातून सांगितलं. मुलगे कामावरून यायचे होते. वहिनी थांबतात थोड्याच! मला ओढत घेऊन गेल्या आणि रक्त घेणाऱ्या मुलीपुढे दंड उघडा करून बसल्या.

"माझं घे बाय. हवं तर दोन बाटल्या घे. मला काय कमी आहे?"

मुलीने बोट टोचलं आणि थेंब निळ्या पाण्यात सोडला. अंगात रक्त पुरेसं असेल तर थेंब तळाला जातो. वहिनींचा वरच तरंगत राहिला.

"मावशी, तुमचं नाही घेता येणार. तुमच्यातच रक्त फार कमी आहे. धाप लागते, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का?"

वहिनी हसल्याच. "माझं वजन बघ, आणि थेंब बुडत नाही म्हणतेस? ते पाणी बदल आधी."

मुलीने दुसरं बोट टोचलं. तोही तरंगला.

"एवढं मोठं अंग काय रिकामं असतं?" वहिनी म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या.

मग माझं घेतलं. मी पाप्याचं पितर, पण थेंब दगडासारखा खाली गेला. मला कॉफी आणि बिस्किटं मिळाली. बिस्किटं मी वहिनींपुढे केली.

"नको. मी कुठं काय दिलं?"

पल्लवी सावरली. दुसऱ्या दिवशी वॉर्डात डॉक्टरीणबाईंनी वहिनींना विचारलं, "मुलीचं रक्त मुळातच कमी होतं. लग्नाआधी घरी काय खायची?"

"सगळं करते मी. सुरमई, बांगडे, रविवारी मटण."

"तिच्या ताटात काय असायचं?"

वहिनींकडे आधी नवरा आणि मुलगे जेवायचे, माशांच्या तुकड्या तिथेच संपायच्या. वहिनी मागून बसायच्या, भाताच्या ढिगावर उरलेलं कालवण ओतून. पोट भरायचं. चाळीत निम्म्या घरांत हेच चालतं, त्यात विचारण्यासारखं काही कोणाला वाटलं नव्हतं.

"पोर माझ्याबरोबर बसायची," वहिनी म्हणाल्या. "भाऊ हाका मारायचे, ये गो, तुकडी घे. जायची नाही. आईला एकटीला जेवायला लागेल म्हणायची."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मीही तिला कधी जा म्हटलं नाही हो. बरं वाटायचं मला. सोबत व्हायची."