कौशल्या पुण्याला गेली

मी एकदा एका बाईचं नाव ग्राइंडरनं घासून काढलं आणि तिला मांजरपाटात शिवून, लाखेची मोहर मारून पुण्याला पाठवून दिलं. बाई पितळेची होती म्हणून मी आज तुरुंगात नाही, घरात बसून हे लिहिते आहे. पण आमच्या शेजारच्या हमीदाखालाच्या लेखी माझ्या गुन्ह्यात आणि खऱ्या गुन्ह्यात काही फरक नव्हता. आता वाटतं, तिचंच बरोबर होतं.

हमीदाखाला मूल गावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. तिचे मियाँ कल्हईवाले. गावोगावच्या बाया आपली पितळी भांडी आणून टाकायच्या आणि मियाँ प्रत्येकीला एकच सांगायचे, "आठ दिसानं घेऊन जाजा." मग घरोघर स्टील आलं. कल्हईचा भाता थंड पडला आणि एके दिवशी दुपारी जेवून आडवे झालेले मियाँ उठलेच नाहीत. तेव्हा कल्हईला आलेली तेरा भांडी न्यायला कोणी आलं नाही. स्टीलच्या घरात पितळेची आठवण कोण ठेवतो?

खाला ठेवायची. भिंतीवरच्या वरच्या फळीवर तिनं ती तेरा भांडी ओळीनं मांडली होती. सगळ्यांवर मालकिणींची नावं, ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली. खालाला अक्षर वाचता येत नव्हतं, पण कोणतं भांडं कोणाचं ते पाठ. ती भांड्यांना त्यांच्या मालकिणींच्याच नावानं हाक मारायची. दर शुक्रवारी चिंच घेऊन बसायची आणि भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, "शेवंता, उतर खाली. तोंड काऊन काळं केलं वं? सर, अनुसया, तुया नंबर मंग." दरवर्षी स्वतः भाता फुंकून सगळ्यांना नवी कल्हई करायची. कोणी न्यायला आलं तर भांडं तयार पाहिजे!

"खाला, बारा वर्षं झाली. आता कोन येते?" मी म्हणायची.

"नाव हाय तं धनी हाय," ती म्हणायची. हे तिचं ठरलेलं वाक्य. "आन् जोवर कोनी न्याले येनार हाय ना, तोवर मियाँचं दुकान चालू हाय."

दुकानाचा विषय निघाला म्हणून माझंही सांगते. दोन हजार सात-आठचं साल असेल. मुलगा नोकरीला नागपूरला गेला आणि जाताना जुना कॉम्प्युटर माझ्या गळ्यात टाकून गेला. मी चव्वेचाळीस वर्षांची, पंधरा दिवसांचा क्लास केलेली आणि स्वतःला फार हुशार समजणारी. जुन्या वस्तू विकायची एक वेबसाइट सापडली. शहरातले लोक आपण अडगळीत टाकलेल्या पितळेवर बोली लावतात हे पाहून माझं डोकंच फिरलं. मी दारावर पाटी रंगवून घेतली, 'सुमन अँटिक्स'. पहिल्या आठवड्यात चार माणसं आली, चौघंही झेरॉक्स काढायला.

माल खालाकडे होता. मियाँनी मोडीत घेतलेली बिननावाची भांडी खोलीभर पडून होती. ती विकायला तिची ना नव्हती, फक्त वरच्या फळीला हात लावायचा नाही. अशी आम्ही भागीदारी सुरू केली. खाला पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर बसली तेव्हा तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि पडद्याला सलाम केला. म्हटलं, "खाला, तो नाई पाहून राह्यला तुले."

"गिऱ्हाईक हाय ना आत? मंग अदब नको?"

वर्णन लिहिताना आमची रोज जुंपायची. मी एका परातीखाली लिहिलं, 'दोनशे वर्षं जुनी, राजघराण्यातील.' वाचून दाखवलं तर खाला उठून उभी राहिली. "दोनशे साल? अवं, माया पोरीच्या, रजियाच्या जनमाच्या साली घेतली हे! कोनता राजा आला होता वं मूलले?" मग तिच्यासमोर खोडलं आणि तिनं सांगितलं ते लिहिलं, 'एका बाजूला पोचा आहे. पाणी गळत नाही. घर चांगलं होतं.'

बोलीच्या दिवशी तर गंमतच. फोनच्या तारेतून किंचाळत येणारं इंटरनेट, आकडा वर सरकला की मी टाळ्या वाजवायची आणि खालाचा चेहरा पडत जायचा. शेवटी तिनं माझा हात धरला. "सुमन, त्या भाऊले फोन लाव. म्हना बस करा आता, एवढ्याची नाई ते. फसून राह्यला बिचारा!"

अशा भागीदारासोबत धंदा चालत नाही असं मला वाटायचं. खरं म्हणजे तो तिच्यामुळेच चालला. पोचा लिहिलेला असतो म्हणून लोक पुन्हा मागवायचे. पण हे कळायला अक्कल लागते आणि ती मला नंतर आली.

तर ती चूक. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला मोठा गंज पाहिजे होता. गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. जाड काठाचा, रुंद तोंडाचा, दिवाणखान्यात ठेवायला. तसा गंज सगळ्या घरात एकच होता, वरच्या फळीवर, डावीकडून चौथा. कौशल्या.

त्या दिवशी खाला सावली गावच्या बाजाराला गेली होती. ती अधूनमधून जायची आणि तिथं भाजीवाल्या, मासेवाल्या, बांगड्यावाल्या, सगळ्यांना भांड्यांची नावं सांगून विचारत फिरायची. घराची किल्ली माझ्याकडे असायची. मी स्टुलावर चढले. कौशल्येला उतरवलं. बारा वर्षं न आलेली बाई आता कशाला येते, असं मनाला पटवलं. दुसऱ्याचं नाव असलेलं भांडं पुण्याचा माणूस घेणार नाही, म्हणून वेल्डिंगवाल्याकडे नेऊन नाव घासून आणलं आणि पोस्ट बंद व्हायच्या आत पार्सल केलं. मनात म्हटलं, खालाच्या हातावर नोटा ठेवल्या की तीही हसेल.

खाला संध्याकाळच्या बसनं उतरली ती धावतच. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. "सुमन! भेटली! मासे विकून राह्यली होती. पोरीचं लगन हाय, म्हने मायनं देल्ला गंज पोरीले देतो. लगनाच्या आधी येते न्याले!"

"कोन वं?" मी विचारलं, पण मला कळलं होतं.

"कौशल्या!" असं म्हणत ती आत गेली. मी दारात उभी राहिले. खाला फळीवरच्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

"कुठी गेली?"

"पुण्याले."

"आन् नाव?"

"घासलं."

खाला अगदी हळू म्हणाली, "कीस तरी ठेवला का वं त्याचा?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या प्रश्नानं मी त्या रात्री जेवले नाही. आमच्या ह्यांना वाटलं, धंद्यात मंदी आली.

दुसऱ्या दिवशी पोस्टात धावले तर पार्सल निघून गेलेलं, म्हणून मी पुण्याला ईमेल केला. आठवड्याभरानं उत्तर आलं, विकलेली वस्तू परत मागता येत नाही, आणि त्यात मनीप्लँट लावलेला आहे. मी खालाला वाचून दाखवलं. "मनीप्लँट म्हंजे?" "वेल." "गंजात वेल?" खालानं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "मी सांगतो तसं लिव. तुया अकलेचं काई टाकू नको."

मी लिहिलं, जसंच्या तसं: 'भाऊ, तुमच्या घरी एक बाई चुकून आली आहे. तिच्या पोरीचं लग्न आहे. तिला वापस धाडा. पैसे वापस देतो, आणि वरून बिननावाची तीन भांडी धाडतो, त्यातल्या एकाला पोचा आहे.'

आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी उत्तर आलं. त्या गृहस्थानं लिहिलं होतं की त्याला पत्राचा अर्थ लागला नाही, पण त्याच्या आईनं ते वाचलं आणि उठून वेल बादलीत लावला. तीन भांडी नकोत, म्हणे. पोच्याचं एक चालेल, आईला बघायचं आहे.

कौशल्या परत आली. बुडाला पुण्याची माती होती. खालानं तिला आंघोळ घातली, कल्हई केली आणि मियाँची पेटी माझ्यासमोर उघडली. हातोडी आणि अणकुचीदार पोलादी खिळा.

"मिटवलं तू. लिव तू."

मी अख्खी दुपार ठिपके ठोकत बसले. एकदा अंगठ्यावर हातोडी, दोनदा बोटावर. 'कौ'वरच्या मात्रा एकीकडे कलल्या, 'शल्या' उतारावरून घसरावं तसं खाली गेलं. माझी नात आता म्हणते, आजी, तू आपल्या घरातली पहिली ऑनलाइन उद्योजिका. मी तिला तो अंगठा दाखवते.

लग्नाला चार दिवस असताना कौशल्या आली. काळी, उंच, डोक्यावर टोपली, टोपलीत पानात बांधलेले मासे खालासाठी. तिनं गंज छातीशी धरला, फिरवून पाहिला, नावावरून बोट फिरवलं आणि थांबली.

"असं वाकडं काऊन झालं वं नाव?"

मी तोंड उघडणार तोच खाला म्हणाली, "बारा साल वाट पायली त्यानं. होते मंग वाकडं."

कौशल्या खळखळून हसली. मीही हसले, दाराआड जाऊन डोळे पुसले. खालानं माझी चूक स्वतःच्या जिभेखाली ठेवून दिली होती, आणि ती तिनं शेवटपर्यंत कोणाला दाखवली नाही.

कौशल्या गेली. वाटलं, आता खाला खूश होईल, एका भांड्याला धनी भेटला. पण ती जमिनीवर बसून फळीवरच्या त्या चौथ्या जागेकडे बघत राहिली. तेराची बारा झाली होती. बारा वर्षं ती ज्यांना शोधत गावोगाव फिरली, त्या बाया एकेक करून भांडं घेऊन गेल्या तर शेवटी काय उरतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. रजिया लग्न होऊन चंद्रपूरला. मियाँ नाहीत. मग ते दुकानही बंद.

मी घरी आले. दुसऱ्या दिवशी खाला माझ्या दारात उभी. एका हातात मियाँची पेटी, दुसऱ्या हातात तिचा स्वतःचा, रोज भात शिजवायचा लहानसा बिननावाचा गंज, नुकती कल्हई केलेला. तिनं तो माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली,

"याच्यावर तुयं नाव टाक, सुमन. फळीवर ठेवतो. आन् न्याले लवकर येऊ नको."