सेक्रेटरींची नजर

इमारतीचे सहाही कॅमेरे आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर दिसू लागले, तेव्हा सेक्रेटरींनी बायकोला गॅस बंद करायला लावून बोलावून घेतलं. कॅमेरे बसवणाऱ्या कंपनीने हात वर केले होते. त्यांचं सॉफ्टवेअर या यंत्रावर चालणार नव्हतं. नवा कॉम्प्युटर घ्या, नाहीतर देखरेख आमच्याकडे द्या. अध्यक्षांचा कल कंपनीकडे होता आणि रविवारच्या बैठकीत निर्णय व्हायचा होता. निवृत्त झाल्यापासून सेक्रेटरींना सकाळी उठून बसावंसं वाटेल असं हे एकच काम उरलं होतं.

म्हणून त्यांनी कुणा हौशी माणसाने फुकट वाटलेला एक प्रोग्राम शोधून काढला. चित्रं आली, पण बटणांवरच्या खुणा आल्या नाहीत. नुसते रिकामे चौकोन. सेक्रेटरींनी एकेक चौकोन दाबून परिणाम पाहिला. एकाने चित्र मोठं झालं. एकाने जिन्यातला कॅमेरा भिंतीकडे तोंड करून बसला. एकाने काहीच झालं नाही, तेव्हा तो निरुपद्रवी ठरवून त्यांनी तसाच दाबलेला सोडला.

आठवडाभरात इमारत सुधारली. फाटकातून आत येणारा प्रत्येकजण पाय पुसू लागला. तळमजल्यावरच्या शिंप्याने जिन्याखालची चिंध्यांची पिशवी हलवली. अध्यक्षांची कायम तिरकी असणारी गाडीसुद्धा सरळ उभी राहू लागली.

"बघितलंस?" सेक्रेटरी बायकोला म्हणाले. "कुणीतरी बघतंय एवढं कळलं तरी माणूस बदलतो. हे शास्त्र आहे."

"मग तो ओला टॉवेल तिथून उचला."

पडद्यावर, फाटकावर फडकं वाळत घालणाऱ्या एका भाडेकरूने ते घाईघाईने काढून घेतलं. सेक्रेटरींनी त्याचंही श्रेय स्वतःकडे घेतलं.

शनिवारी बायको सामान आणायला खाली गेली. ती फाटकापाशी दिसताच सेक्रेटरी स्वतःशीच म्हणाले, "चालली पिशवी न घेता. आता परत येईल आणि खापर माझ्यावर फोडेल."

पडद्यावरची बायको थांबली. सावकाश वळली आणि थेट कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलली. तिकडचा आवाज इकडे येत नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तो यायची गरजही नव्हती.

वर येऊन तिने सगळा उलगडा केला. मुलीशी गप्पा मारायला कॉम्प्युटरवर जो माईक लावला होता, तो 'निरुपद्रवी' चौकोन दाबल्यापासून त्यासमोरचा शब्दन् शब्द फाटकावरच्या कॅमेऱ्यातल्या स्पीकरमधून ऐकू जात होता. लोकांना वाटलं, ही नवी सोय आहे. 'पाय पुसून आत या', 'ती पिशवी हलवा', 'सरळ लावा जरा, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण होते', हे सगळं ती नवऱ्याला, त्याच्या पिशवीबद्दल आणि खुर्चीबद्दल सांगत होती.

"आणि मी बोललो ते?"

"तेही गेलं. अध्यक्ष गाडी लावत नाहीत, टाकून जातात, हेसुद्धा."

सेक्रेटरींना रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी बैठकीत ते माफी मागायला उठले, पण अध्यक्षांनी हातानेच बसवलं.

"तुमचं ऐकून मला राग आला होता," अध्यक्ष म्हणाले. "वहिनींचं ऐकून मी गाडी सरळ केली. कंपनीकडे असं काही आहे का, मी फोन करून विचारलं. नाही म्हणाले."

मग देखरेख सेक्रेटरींच्याच घरी राहावी असा ठराव त्यांनी स्वतः मांडला. शिंप्याने त्यात दुरुस्ती सुचवली: माईकवर फक्त काकूंनी बोलावं. बैठकीला आलेल्या काकूंनी जरा विचार केला आणि आपली अट सांगितली. सकाळ-संध्याकाळ तासभर त्या तिथे बसतील. तेवढा वेळ स्वयंपाकघर सेक्रेटरी सांभाळतील.

अध्यक्षांनी मत विचारलं, तेव्हा सगळ्यात आधी हात वर गेला तो सेक्रेटरींचाच. छाती पुढे काढून त्यांनी शेजारच्याला हळूच सांगितलं, "आवाज हिचा असला, तरी यंत्रणा आपली आहे."

मग घड्याळ बघून ते लगबगीने उठले. कुकर लावायचा होता.