अनंतकाकांचा खोटा रिपोर्ट

अनंतकाका माणसाआधी पाकीट वाचतात. तुम्ही बिस्किटांचा पुडा घेऊन गेलात, तर 'या, बसा' नंतर. आधी पुडा पालथा होतो, खिशातलं भिंग निघतं आणि काका बारीक अक्षरांत शिरतात. तोवर तुमचा चहा निवतो.

बोईसरच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये त्यांनी उभी हयात काढली. "आदी बगा, मग सही," हे त्यांचं ब्रीद. न तपासता एकाही पिंपाच्या कागदावर सही केली नाही, हा अभिमान. ते निवृत्त झाले, पण त्यांची लॅब बंद झाली नाही, ती आमच्या सगळ्या चिंचणी गावात पसरली. सत्यनारायणाच्या शिऱ्यात तूप आहे की डालडा, हे विचारल्याशिवाय प्रसादाला हात पुढे होत नाही. एकदा त्यांनी मासळीवालीला सुक्या बोंबलाची तारीख विचारली. ती म्हणाली, "काका, बोंबलाला तारीक नाय, वास असतो. घ्या, हुंगा." काकांनी खरंच हुंगला आणि गंभीरपणे म्हणाले, "पास."

गेल्या दिवाळीत त्यांची एकुलती मुलगी अमिता अमेरिकेहून आली. सुमनकाकी, म्हणजे तिची आई, गेल्यानंतरची तिची ही पहिलीच दिवाळी. जाताना ती एक बाटली ठेवून गेली. आत लालहिरव्या, मऊ, अस्वलाच्या आकाराच्या गोळ्या. "बाबा, तुम्हाला झोप लागत नाही ना? रोज एक खा. हेम्पच्या आहेत. तिकडे पेट्रोल पंपावरसुद्धा मिळतात."

दुसऱ्या दिवशी काकांनी मला, म्हणजे शेजारणीला, हाक मारली. बाटलीवरचा चौकोनी कोड माझ्या मोबाइलवर उघडायचा होता.

"हेम्प म्हंजे भांगेचाच भाऊबंद," काका भिंगातून बोलू लागले. "त्यातला नशेचा अंश, टीएचसी, डोक्यात चडतो. एका गोळीत दहा मिलिग्रॅम. लोक हा आकडा बगतच नाय. वर पोटातून जायचा, म्हणून चडायला तास-दोन तास. मानूस म्हणतो, काय झाला नाय, अजून एक खातो. मग दोनी एकदम अंगावर!"

मी कोड उघडला. लॅबचा रिपोर्ट आला. काकांनी बॅच नंबर ताडून पाहिला आणि कपाळाला हात लावला. रिपोर्ट दुसऱ्याच बॅचचा होता.

"आनि रूप बग. अस्वल! पोरा खाऊ समजून खातील. त्यात माजी बीपीची गोळी चालू. तिकडे चालत असेल, आपल्याकडे कायदा वेगला हाय. नापास!"

गोळ्या गरम पाण्यात विरघळल्या, त्यात राख कालवली गेली आणि सगळं चिकूच्या वाडीत खोल पुरलं. शेळीनं उकरू नये म्हणून वर धोंडा ठेवला. मी हसत होते. काका घाम पुसत होते.

पंचाईत पुढेच होती. अमिता रोज सकाळी फोन करून विचारायची, "बाबा, गोळी घेतली? झोप लागली?" आणि काका म्हणायचे, "लागली गो, एकदम डाराडूर!" पहाटेपासून ओट्यावर टक्क जागा बसलेला हा माणूस!

मी चिडवलं, "काय काका, न तपासता सही?"

ते हसले नाहीत. "ती तिकडे एकटी हाय. बाप झोपतो म्हटला की तिला बरा वाटतो," एवढंच म्हणाले. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

एका रविवारी सकाळी मी त्यांना केळफुलाची भाजी द्यायला गेले, तेव्हा अमिताचा फोन चालू होता. मोबाइल टेबलावर, आवाज मोठा. ती खुशीत म्हणाली, "एवढा फरक पडतोय ना? मग माझी मैत्रीण पुढच्या महिन्यात भारतात येतेय, तिच्याबरोबर चार बाटल्या पाठवते."

काकांचा चेहरा उतरला. परक्याची पोर विमानतळावर अडकली तर? आता खरं बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"नको पाठवू गो. मी एकपन नाय खाल्ली. पुरून टाकल्या. मला झोप नाय लागत. तुजी आई गेली तेव्हापासून नाय लागत. मी खोटा सांगत होतो."

मला वाटलं, ती रागावेल. पण बारीक आवाजात अमिता म्हणाली, "बाबा, मलापण नाही लागत. मीच आधी घ्यायला लागले. आधी एक घ्यायचे, आता तीन. सुरुवातीला झोप लागायची, म्हणून तर तुम्हाला आणल्या."

आता व्याख्यान येणार, असं मला वाटलं. पण काकांचे डोळे भरून आले होते, माझेही.

"सोमवारी डॉक्टरकडे जा," ते म्हणाले. "तीन घेते म्हणून खरा सांग. लाजू नको. तुज्याकडे आता रात झाली ना? पड जा. फोन ठेवू नको, उशीजवल असू दे."

मग काका तिला वाडीतली खबर सांगू लागले. कुठल्या झाडाला चिकू धरलाय, विहिरीत पाणी किती, शेजारच्या शेळीला दोन करडं झाली. मधूनमधून पलीकडून 'हं' यायचा. हळूहळू तोही थांबला आणि नुसता संथ श्वास ऐकू येऊ लागला.

"झोपली," काका कुजबुजले. त्यांनी मला हातानंच गप्प बसायची खूण केली आणि टेबलावरचा फोन उचलून कानाशी धरून तसेच बसून राहिले.