जुन्या जिन्याचा बॅकअप

आमच्या घरात छत्र्या हरवतात, चष्मे हरवतात, पण कॉम्प्युटरमधलं काही म्हणजे काही हरवत नाही, कारण तिथे मी आहे! बायको वास्तुविशारद, घरूनच काम करते. तिच्या प्रत्येक नकाशाची नक्कल रोज आपोआप वेगळ्या डिस्कवर जाते. ही व्यवस्था माझी. पाहुणे आले की मी ती डिस्क त्यांच्या हातात देऊन दाखवतो.

गेल्या आठवड्यात मी कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम चढवली. "चाललंय ते चालू दे ना," बायको म्हणाली. मी ऐकलं नाही. नवी सिस्टीम दिसायला छान निघाली, बटणं बिस्किटांसारखी गोल झाली, आणि बॅकअप बंद पडला. कोपऱ्यात रोज एकच लाल ओळ: 'डिस्कवर लिहिता आलं नाही.' का आलं नाही? ते नाही सांगायचं. रुसलेल्या आत्यासारखं तोंड फिरवून बसायचं.

मी वायर बदलली. वायर लावायची खाच बदलली. मदतकेंद्राला फोन लावला.

"बंद करून चालू केलंत का?" पलीकडून एक बाई म्हणाल्या.

"केलं."

"मग पुन्हा एकदा करून बघा."

याला मदत म्हणतात! मी फोन ठेवला आणि सरळ डिस्क पुसून कोरी केली. दोष असेल तर धुऊन निघेल, नकाशे काय, कॉम्प्युटरवर आहेतच, नव्याने नक्कल होईल. झाली नाही. लाल ओळ जागच्या जागी.

तेवढ्यात बायको आतून आली. ती ज्यांचं घर बांधतेय त्या दंतवैद्य बाईंचा फोन आला होता.

"त्यांना नवा जिना आवडला नाही. पहिलाच हवाय म्हणतात. चारला बघायला येतायत, नाहीतर काम दुसऱ्याला देणार. मी परवा त्याच फाइलमध्ये बदल केले. तू डिस्कवरचा जुना काढून दे."

मी हातातली वायर खाली ठेवली.

"डिस्क," मी म्हणालो, "जरा स्वच्छ केली आहे."

"स्वच्छ म्हणजे?"

"पूर्ण."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. कपाटातून कागद आणि पेन्सिल घेऊन ती जेवणाच्या टेबलावर जाऊन बसली.

मला संताप आला तो त्या सिस्टीमचा. "हिला लिहायला झालंय काय?" मी भिंतीकडे बघून विचारलं. उत्तर बाबांकडून आलं. माझे बाबा बांधकाम परवानगीच्या कचेरीतून निवृत्त झालेत आणि दुपारी याच कॉम्प्युटरवर पत्ते खेळतात.

"तिला परवानगी नाहीये," बाबा म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"मीच दिली नाही. नवीन सिस्टीम आली त्या दुपारी पडद्यावर एक चौकट आली. अमुक प्रोग्रॅमला डिस्कवर लिहू द्यायचं का? कशासाठी लिहायचंय, त्याचा पत्ता नाही. कारण न देता परवानगी मागतात! मी नामंजूर केलं."

"बाबा, पण मग मला पुन्हा का नाही विचारलं त्याने?"

"खाली 'पुन्हा विचारू नका' असं होतं. त्याच्यावरही खूण केली. एकदा नाकारलं की तोच अर्ज परत येता कामा नये."

तीस वर्षं लोक यांच्यासमोर कसे उभे राहिले असतील, मला त्या दिवशी कळलं. सेटिंगमध्ये जाऊन मी परवानगी दिली, आणि बॅकअप निमूटपणे सुरू झाला.

चारला दंतवैद्य बाई आल्या. बायकोने आठवून आठवून काढलेला जिना त्यांनी हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "हाच. आणि हाताने काढलेला किती छान वाटतो!" काम वाचलं. नेमकं त्याच वेळी कॉम्प्युटरने टुण् केलं: 'बॅकअप यशस्वी.' म्हणजे कुणालाच नको असलेला नवा जिना आता आमच्याकडे दोन ठिकाणी अत्यंत सुरक्षित आहे.

जुन्या जिन्याचा जगात एकच कागद आहे. बायकोने तो कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली बाबांकडे दिली. मी मागितली होती. बाबांनी कारण विचारलं.