पाठीवरची जांभई

दुपारी दोन वाजता लाँड्रीच्या टेबलावर दहा चित्रं, सहा शर्ट, समोरच्या दंतवैद्याचा एक पांढरा कोट आणि तापलेली इस्त्री एवढं होतं. चित्रं इस्त्रीवाल्याच्या मुलीने ऑइल पेस्टलने काढलेली. कॉलेजच्या अर्जासोबत कलेची पुरवणी पाच वाजेपर्यंत पाठवायची होती. गणिताच्या मार्कांनी जे बिघडवलं होतं, ते सावरायला आता तीच उरली होती. नियम साधा होता: दहा चित्रांचे फोटो. नऊ आले तर पुरवणी बघणारच नाहीत.

चित्रं वर्षभर गुंडाळून ठेवल्यामुळे टोकं वर येत होती आणि फोटोत सावली पडत होती.

"त्यात काय एवढं?" वडील म्हणाले. "सपाट करणं हा तर आपला धंदाच."

"बाबा, हात लावू नका. मी चार्जर घेऊन आलेच."

चार्जर सापडायला चार मिनिटं लागली. ती परतली तेव्हा वडील इस्त्री बंद करून टेबलापासून दोन पावलं मागे उभे होते. हे लक्षण चांगलं नव्हतं.

"रंगीत कापड उलटं करूनच इस्त्री करतात," ते म्हणाले. "रंग शाबूत राहतो."

रंग शाबूतच होता, फक्त आता तो कोटावर होता. सातव्या चित्रातला, जबडा फाडून जांभई देणारा शेजारचा घड्याळवाला कागदावरून उठून खाली अंथरलेल्या कोटाच्या पाठीवर जाऊन बसला होता.

"बावीस वर्षांत या दुकानातून डाग असलेला कपडा गेलेला नाही," वडील कोट उचलत म्हणाले.

"तो डाग नाही, बाबा. तो सातवा नंबर आहे. सरका, फोटो काढू द्या."

तेवढ्यात दंतवैद्य आत शिरले. "झाला का कोट? पेशंट खुर्चीत बसलाय." कोणी काही सांगायच्या आत कोट अंगात चढवून ते बाहेरही पडले.

"काका, जरा थांबा ना," मुलगी मागे धावली.

"चालता चालता बोल."

रस्ता ओलांडेपर्यंत तिने अकरा फोटो काढले. अकराही हललेले. ती तशीच दवाखान्यात घुसली. दंतवैद्य हत्यारं घ्यायला वळले, पेशंटला त्यांची पाठ दिसली आणि त्याला प्रचंड जांभई आली.

"अस्संच धरून ठेवा," दंतवैद्य खूश झाले. "दोन वर्षं हा माणूस दोन बोटांपलीकडे तोंड उघडत नव्हता. काय केलंत हो?"

पेशंटने पाठीकडे बोट दाखवलं. मग दंतवैद्य आरशापुढे वळून वळून उभे राहिले, फोटोसाठी तर मिनिटभर श्वासही रोखला. फॉर्ममध्ये 'माध्यम' या रकान्यात मुलीने 'ऑइल पेस्टल, सुती कापड, दंतवैद्य' असं भरलं. पुरवणी चार त्रेपन्नला गेली.

तीन आठवड्यांनी कॉलेजचं पत्र आलं. नऊ चित्रं ठीक आहेत. सातवं काम विलक्षण आहे. सोमवारी मुलाखतीला ते मूळ स्वरूपात आणावं, निर्णय त्यावर होईल.

ती धावत दवाखान्यात गेली.

"अगं, कोट तर काल तुझ्या बाबांनी नेला," दंतवैद्य म्हणाले. "मी नको म्हणत होतो. हातातून ओढून नेला त्यांनी."

वडील दुकानात शीळ घालत होते. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

"डोळ्याला डोळा नव्हता माझा," ते म्हणाले. "बावीस वर्षांचं नाव आहे. बघ आता."

तिने कोट खिडकीपाशी नेला. पाठ उजेडात धरून वीतभर वीतभर तपासली, मग उलटी करून पुन्हा तपासली. चार धुण्यांत आणि एकूण दोन तास दहा मिनिटांत डाग पूर्ण गेला होता.