गुडघे बांधणारी मोठीआई

आमच्या मोठीआईकडे पाहुणा आला की पाण्याचा तांब्या पुढे करण्याआधी ती त्याचे गुडघे बांधायची. म्हणजे बांधायचो मी, ती फक्त हुकूम सोडायची. चार तुराट्या आणि जुन्या लुगड्याच्या दोन पट्ट्या एवढंच सामान. तुरीची वाळलेली काटकी गुडघ्याच्या पुढे-मागे लावून वरून पट्टी करकचून आवळली की धडधाकट माणसाचा पाय ओंडक्यासारखा ताठ होतो. मग त्याला जमिनीवर बसवायचं आणि मोठीआईने समोर उभं राहून म्हणायचं, "आता उठून दावा."

माणूस सोयरा असो, सावकार असो, नाहीतर नारायणगडाच्या जत्रेला निघालेला वाटसरू. म्हाताऱ्यांच्या सराईत पाऊल टाकलं की सुटका नव्हती. एकदा माझे सख्खे सासरे लेकीला भेटायला आले आणि अर्धी दुपार खांबाला धरून उठायचा प्रयत्न करत राहिले. ते पुढे माझ्या घरी आलेच नाहीत. त्याबद्दल मी मोठीआईचा आजही ऋणी आहे.

मोठीआई ही माझी थोरली चुलती. पाटलाची विधवा, पोरबाळ नाही, आवाज मात्र शिवारभर पुरेल एवढा. तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमच्या मुलखात पावसाने दडी मारली की माणसं गुरंढोरं घेऊन गंगथडीला, म्हणजे गोदावरीच्या काठाला, जगायला जायची. तान्ही पोरं पाटीत घालून नेता येतात, म्हातारी माणसं नेता येत नाहीत. ती मागे राहायची, शेजाऱ्याच्या भरवशावर, आणि शेजारीही गंगथडीला गेलेला असायचा. अशा एका साली मोठीआईने कडा गावाच्या वाटेवरची पडीक सराई झाडून घेतली आणि बैलगाडी फिरवून गावोगावची मागे राहिलेली माणसं गोळा केली. पुढे पाऊस झाला, लोक परतले. काहींनी आपली म्हातारी माणसं नेली, काहींना आठवण राहिली नाही. सराई चालूच राहिली.

तिथला कायदा एकच होता. म्हाताऱ्यासाठी जे करायचं ते आधी स्वतः म्हातारं होऊन बघायचं. बाज विणून आली की मोठीआई तिच्यावर बसायची आणि पाय भुईला टेकले नाहीत तर बाजेचे खूर कापायला लावायची. नवं घोंगडं आधी स्वतःच्या गालाला घासायची. भागाबाई म्हणून एक आंधळी म्हातारी होती, तिच्या बाजेपासून मोरीपर्यंत भिंतीलगत सुंभाची दोरी बांधली होती. ती दोरी जागेवर आहे का, हे बघायला मोठीआई रोज सकाळी डोळे मिटून तिच्या आधाराने चालायची. वाटेत जे पायाला लागेल ते अंगणात भिरकावलं जायचं. माझा एक जोडा आणि आचाऱ्याचा तवा असेच गेले.

आचारी हणमंता हा तर तिचा जन्मजात वैरी. त्याची भाकरी कडक व्हायची आणि त्याचा त्याला अभिमान होता. मोठीआईने त्याला समोर बसवलं आणि म्हणाली, "खा. दात लावायचा न्हाई."

हणमंताने बराच वेळ तो तुकडा या गालातून त्या गालात फिरवला. शेवटी वैतागून म्हणाला, "बाई, फुकट मिळतंया त्यांना. त्यात कशापायी खोट काढता?"

"फुकट हाय म्हनून दात उगवत्यात का?" मोठीआई म्हणाली.

गाव म्हणायचं, पाटलीणबाईचं डोकं फिरलंय. अन्नदान करणारे खूप पाहिले, पण खाणाऱ्याला चावतंय का हे विचारणारी ही पहिलीच. मला विचाराल तर डोकं फिरलं नव्हतं, पण ते ज्या दिशेला होतं तिथून कुणाच्या बापाला वळवता येत नव्हतं.

त्या बापावरूनच पुढचं रामायण झालं. गावच्या देशमुखांनी आपल्या स्वर्गवासी वडिलांच्या नावाने म्हाताऱ्यांसाठी नवी इमारत बांधली. काळ्या दगडाचं पुरुषभर उंच जोतं, हातहातभर उंचीच्या पायऱ्या, आत शहाबादी फरशी अशी घोटलेली की तोंड बघून भांग पाडावा. सराईच्या जागेत त्यांना कापसाची वखार घालायची होती, म्हणजे सराई रिकामी होणार हे ठरलेलंच होतं. म्हातारी माणसं नव्या घरात गेली तर गेली, नाहीतर रस्त्यावर. उद्घाटनाला आष्टीहून तहसीलदारसाहेब येणार होते.

ठरल्या दिवशी मंडप पडला, ताशे आले. तहसीलदारसाहेब शेरवानी आणि तुर्की टोपी घालून टांग्यातून उतरले. सराईतली म्हातारी माणसं दोन गाड्यांतून आणली. पहिल्या गाडीतून मोठीआई उतरली, तिने पायऱ्यांकडे वरपर्यंत पाहिलं, आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर बैठक मारली. तिच्या शेजारी म्हाळू धनगर टेकला. मग भागाबाई. मग एकेक करून सगळेच बसले. वर जायची वाट बंद झाली.

देशमुख हार घेऊन वर उभे होते. ते बसलेल्यांतून वाट काढत खाली आले. "वहिनी, उठा. सायेब खोळंबलेत."

"भाऊजी, आदी तुमी उठून दावा," मोठीआई म्हणाली. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तुराट्या माझ्या उपरण्यात होत्याच.

"सायबांपुढं तमाशा नको. वडलांच्या नावाचं काम हाय हे."

"म्हनूनच म्हनते. तुमचे वडील शेवटच्या सालात माडीवर पडून व्हते. खाली न्या, अंगनात बसू द्या, म्हनून वरडायचे. आमच्या घरापतूर आईकू यायचं. किती डाव खाली आनलं तुमी त्यांना?"

ताशेवाल्यांनी ताशे थांबवले होते, ते त्यांनी उगाच थांबवले असं मला वाटलं. देशमुखांचा चेहरा उतरला. म्हाळू धनगर तेवढ्यात आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मेंढरं सुदीक कुनी दगडं चढवून कोंडत न्हाई."

तहसीलदारसाहेब हैदराबादचे, मराठी जेमतेम. त्यांनी मला विचारलं, "बाई क्या बोल रहे?" मी जमेल तसं सांगितलं. साहेबांनी शेरवानीची खालची बटणं सोडली आणि एक पाय पुढे केला. आता पाहुण्याचे गुडघे बांधले जाणार आणि यजमान हार घेऊन बघत राहणार, हे देशमुखांच्या घराण्याला झेपणारं नव्हतं. ते झटकन खाली बसले आणि माझ्यावर खेकसले, "बांद बे, बघतो काय?"

मी बांधले. नेहमीपेक्षा घट्टच बांधले.

मोठीआईने जरा सरकून वाट दिली आणि पहिली पायरी देशमुख अंग तिरपं करून चढले. दुसरीवर हात टेकावे लागले. तिसरीला पाय वर येईना. धरायला बाजूला कठडा नव्हता, भिंत नव्हती, काही नव्हतं. मागे वळावं तर तोल जाणार. एवढा मोठा माणूस भर मंडपात चार पायांवर अडकून राहिला, आणि कोणी हसलं नाही. हसावंसं वाटत होतं, पण त्यांचा चेहरा बघून हसू आलं नाही. ते कसेबसे वळून तिथेच पायरीवर बसले. मग म्हणाले, "गवंड्याला बोलवा."

उद्घाटन राहिलं. लाडू सगळ्यांनी लिंबाखाली बसून खाल्ले. पुढच्या पंधरवड्यात पायऱ्या फुटल्या, मुरमाचा लांब उतार झाला, दोन्ही अंगांना कठडे आले आणि शहाबादीवर टाकी मारून ती खरखरीत केली गेली. तहसीलदारसाहेबांनी मात्र त्याच दिवशी टांग्यात बसण्याआधी हळूच माझ्याकडून गुडघे बांधून घेतले, चार पावलं चालून पाहिलं आणि त्या तुराट्या मागून घेतल्या. हैदराबादेत काही बडे लोक आहेत, त्यांना बांधायच्यात, म्हणाले.

मोठीआईला हे डोहाळे कुठून लागले, हे मी तिला खूपदा विचारलं. "गुडघ्यालाच इचार," असं म्हणून ती उडवून लावायची. मीही पुढे विचारणं सोडलं.

वर्षं गेली. मोठीआईचे स्वतःचे गुडघे गेले, मग हळूहळू माणसांची ओळख गेली. माझ्या घरी ती राहिना. "माझी बाज तितं टाका," एवढं एकच धरून बसली, म्हणून देशमुखांनी बांधलेल्या त्याच म्हाताऱ्यांच्या घरात, दारालगत, तिची बाज टाकली. पाय भुईला टेकतील एवढीच उंच. मी रोज सकाळी जायचो.

एका सकाळी गेलो तेव्हा ती बाजेवर बसली होती, पाय खाली सोडून. मला बघून तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. एवढ्या वर्षांत तिने कुणापुढे पदर ओढल्याचं मी पाहिलं नव्हतं. मला ती आत्याबाई म्हणाली. आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी आजी. माझ्या जन्माआधीच गेलेली. म्हातारपणी तिचे दोन्ही गुडघे आखडले होते एवढंच मी घरात ऐकलं होतं.

"आत्याबाई," मोठीआई खाली बघत म्हणाली, "तुमी दारात बसून असायच्या. जेवायला हाक मारली तरी येत न्हवत्या. मला वाटायचं, ढोंग करत्यात. मी म्हनायचे, लई दुकतंय तर उठून दावा की. सगळ्यांपुढं म्हनायचे."

शिवारभर पुरणारा तो आवाज आता बाजेच्या पलीकडे जात नव्हता.

"तुमी माजे बांदले ते बरं केलं," ती म्हणाली. "कळलं मला. आता सोडा."

मी खाली बसलो. तिच्या गुडघ्यांवर काहीच नव्हतं. तरी मी पट्टीचं टोक शोधलं, गाठ सैल केली, वेढे उलगडले, तुराट्या काढून बाजूला ठेवल्या. आधी एक पाय, मग दुसरा. त्या कामाला वेळ लागतो आणि ते घाईने केलं की खरं वाटत नाही.

तिने दोन्ही पाय जरासे हलवून पाहिले. मग पदराआडून, जुन्या ठसक्यात म्हणाली, "लई घट बांदलं व्हतं हो तुमी."