मांबलमची कोटातली माणसं

श्रीकांत मंगळवारी सकाळी गेले. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि कागदावर वेळ लिहिली. दुपारी मुलगा बंगळूरहून आला. पुढे दोन दिवसांनी त्याने विचारलं, "आई, तेराव्याला बाबांचा फोटो कुठला ठेवायचा?" मग आम्ही दोघं सेतुमाधव रावांच्या स्टुडिओत गेलो.

वेस्ट मांबलममध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला राव ठाऊक असतात, कारण कधी ना कधी त्यांनी त्याची मान वळवलेली असते. फोटो काढताना ते डावीकडे-उजवीकडे म्हणत नाहीत, शहराच्या टोकांच्या वस्त्या सांगतात. "हनुवटी अड्यारकडे. खांदा आवडीकडे राहू दे. आता श्वास धरा." जुनी गिऱ्हाइकं बिनचूक वळतात. नव्याने नोकरीला आलेली पुण्या-नाशिकची इंजिनिअर मुलं मात्र गोंधळतात. एकाने तर अड्यार कुठे हे फोनच्या नकाशात शोधलं होतं. राव तेवढा वेळ कॅमेऱ्यामागे शांत उभे राहिले आणि मग म्हणाले, "सापडलं काय? वळा."

राव तंजावरचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या इकडेच असल्यामुळे त्यांचं मराठी जुनं आहे आणि ते तमिळच्या हेलात चालतं. 'आहे'ला ते 'अहे' म्हणतात, 'सगळे'ला 'अस्के'. माझं पुस्तकी मराठी ऐकून ते पहिल्या दिवशी म्हणाले होते, "अक्का, तुम्ही रेडिओसारखं बोलता." मी अड्यारच्या एका संस्थेत ग्रंथपाल होते, तेव्हा हा शेरा मी गुमान स्वीकारला.

त्यांची खरी कीर्ती कोटामुळे. कोट निळा आहे, टाय लाल. रावांनी तो एकदा स्वतः घालून स्वतःचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर मान उडवली आणि उरलेला कोट जपून ठेवला. तेव्हापासून मांबलममध्ये कोणीही वारलं की राव त्याचा चेहरा त्या कोटावर बसवतात. आमच्या इमारतीत एकाच महिन्यात दोन घरी समाचाराला जायची वेळ आली, तर दुसऱ्या घरी गेल्यावर मला वाटलं, यांना तर आपण आत्ताच भेटून आलो. लग्नांत पंगती उठवणारे एक आचारी होते, त्यांनी जन्मात कमरेच्या वर पंचा सोडून काही घेतलं नाही. तेसुद्धा आता कोट-टाय घालून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसलेत. घरचे खूश आहेत. बायकांसाठी अशीच एक पोपटी रेशमी साडी आहे.

शेजारचा स्टुडिओ बंद होऊन तिथे फोनची कव्हरं विकायला लागले, तेव्हा लोकांनी रावांनाही सल्ला दिला की आता आवरा, फोनने तुमचा धंदा खाल्ला. रावांना यात काही तथ्य दिसलं नाही. एकदा मी पासपोर्टच्या फोटोला गेले असताना त्यांनी मला सगळा हिशेब समजावून सांगितला.

"आधी घरात एकच फोटो असायचा, अक्का. तो भिंतीचा असायचा. आता हजार अहेत. अस्के फोनात. त्यात बिर्याणी अहे, मांजर अहे, गुड मॉर्निंग अहे. भिंतीचा एक नहीं. म्हणजे धंदा वाढला की घटला?"

स्टुडिओला तीन गिऱ्हाइकं कायमची, असं ते सांगतात. सरकार, लग्नघर आणि मयत. सरकार कान दिसत नाही म्हणून फोटो परत पाठवतं. लग्नवाले ड्रोन मागतात आणि भाव करतात. मेलेला माणूस तक्रार करत नाही. म्हणून रावांचा सगळा भरवसा तिसऱ्यावर.

आमची तक्रार मात्र होती. श्रीकांत आवडीला एका कारखान्यात होते आणि घरचे सगळे फोटो तेच काढत. त्यामुळे फोटोत मी होते, मुलगा होता, देवळं होती, ते नव्हते. सापडला तो एकच, मुलाने बाल्कनीत काढलेला. दोरीवर कपडे वाळत घालताहेत, अंगात बनियन, हातात चिमटा, आणि कशाला तरी हसताहेत. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, तो पूर्ण दिसतो.

रावांनी फोन लांब धरून पाहिला. "बनियन भिंतीवर चढत नहीं," ते म्हणाले. "उद्या या."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर श्रीकांत कोटात होते. दात सरळ झाले होते, ओठ अर्धे मिटले होते, गालावरच्या सुरकुत्या गेल्या होत्या. मुलगा म्हणाला, छान आलाय. तो पोरका झालेला होता, त्याला ते छान वाटलं यात नवल नाही. मी बराच वेळ बघत राहिले. हे गृहस्थ एखाद्या बँकेत कर्ज नाकारायला बसले असते तर शोभले असते. मला भीती वाटली ती एवढीच, की हा फोटो रोज बघून पुढेमागे मला हाच चेहरा आठवायला लागेल.

"राव, यांना मी ओळखत नाही," मी म्हटलं.

"पहिल्यांदा अस्के असंच म्हणतात. सवय होते."

"मला ती सवय नको आहे."

रावांनी मान वळवून गल्ल्यावरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे एका बाईंचा मोठा फोटो आहे. गोरा, तुकतुकीत, कुठे रेघ नाही. इतकी वर्षं मी तो पावडरची जाहिरात समजत होते.

"कावेरी," राव म्हणाले. "माझी बायको."

कावेरीबाईंना मी पाहिलेलं होतं. त्या गल्ल्यावर बसत. फोटोतल्या बाई त्या वाटत नव्हत्या.

राव खुर्चीवर बसले. कावेरीबाईंच्या गालावर तेल उडून पडलेला एक डाग होता, त्यांनी सांगितलं. कॅमेरा दिसला की त्या ती बाजू फिरवत. त्या गेल्यावर रावांना वाटलं, एवढं तरी आपण करावं. त्यांनी एक रविवार बसून, बाईंच्या नकळत काढलेल्या फोटोतला डाग काढला, नाक नीट केलं, आणि हातच्या सवयीने त्याच फाइलवर सेव्ह केलं. दुसरा फोटो नव्हता. राव रोज परक्यांचे फोटो काढत.

"पुढे वाटलं, डाग परत लावावा. लावता येईना, अक्का. कुठल्या गालावर होता तेच कळेना. आता तर तिचं तोंड आठवायला गेलं की हेच येतं." त्यांनी फोटोकडे बोट केलं. मग माझ्याकडे वळून अगदी धंद्याच्या आवाजात विचारलं, "तुम्ही बघितलं अहे तिला. कुठला गाल?"

मी आठवून पाहिलं. मला त्यांचा आवाज आठवला, सुटे परत देताना बांगड्या वर सारणं आठवलं. गाल आठवेना. खोटं सांगून एक बाजू दाखवणं सोपं होतं. पण त्यांनी ती लगेच रंगवली असती.

"नाही आठवत, राव."

"कोणालाच आठवत नहीं," ते म्हणाले. जुन्या गिऱ्हाइकांना ते पासपोर्टच्या फोटोसाठी इतका वेळ का बसवून घेतात आणि काय विचारतात, ते मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी चष्मा पुसला आणि कोटातल्या श्रीकांतना बंद केलं. बाल्कनीतला फोटो उघडला. उजेड थोडा वाढवला, बाकी कशाला हात लावला नाही. माउसवरचं बोट दोनदा त्या दाताकडे गेलं आणि दोनदा मागे आलं. फ्रेम हातात देताना त्यांनी बजावलं, "कोणी विचारलं तर आमच्याकडे केला म्हणून सांगू नका. नाव जाईल."

तेराव्याला नातेवाईक फोटो पाहून दचकले. एकजण हसला, आणि मग सगळ्यांना काही ना काही आठवायला लागलं.

राव अजूनही सकाळी शटर उघडतात आणि पुढची वीस वर्षं या धंद्याला मरण नाही असं सांगतात. त्यांच्या भिंतीवर डाग नसलेल्या कावेरीबाई आहेत. माझ्या भिंतीवर श्रीकांत आहेत.